आधी नदी, मग बोट
पहिली बहुदेशीय नदीसफर निवडताना

नदीवरची क्रूझ म्हणजे चपट्या तळाची, लांबट, दोन-तीन मजली बोट. शंभर ते दोनशे प्रवासी आठवडाभर तिच्यातच राहतात, तिच्यातच जेवतात आणि रोज एका नव्या गावाच्या धक्क्यावर उतरतात. समुद्रावरच्या अजस्र जहाजांत पाच-सात हजार माणसे मावतात आणि जहाज हेच तिथले मुख्य आकर्षण असते. नदीवरच्या बोटीत जलतरण तलाव, मॉल किंवा रोषणाईचा रंगमंच यांची अपेक्षा धरू नये. तिथे पाहायचे असतात ते काठ. बोट सावकाश जाते, दोन्ही तीर नजरेच्या टप्प्यात राहतात आणि गावाचा मुख्य चौक बहुतेक वेळा धक्क्यापासून चालत जाण्याइतका जवळ असतो. नदी सीमा ओलांडून वाहणारी असेल, तर एकदा बॅग उघडून कपाटात लावली की तीन-चार देश पाहून होतात. रोज पहाटे सामान बांधून बसमध्ये चढण्याचा त्रास वाचतो, म्हणून पन्नाशी-साठीच्या पुढचे प्रवासी या सफरींकडे जास्त वळतात.

अशी पहिली सफर ठरवताना बहुतेक कुटुंबे बोटीचे फोटो, खोलीचा आकार आणि जाहिरातीतला दर यांपासून सुरुवात करतात. खरा क्रम उलटा आहे. आधी नदी निवडावी, मग महिना, मग नदीचा टप्पा, आणि शेवटी बोट व खोली. कारण ही सफर पाण्याच्या भरवशावर चालते, आणि पाणी प्रत्येक नदीत वेगळे वागते.

दोन समुद्रांना पाणी देणारा जिल्हा

वाशीम जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे आणि प्रवासी बोट चालेल अशी नदी जिल्ह्यात नाही. तरीही नदीसफरीचे मूळ तत्त्व समजून घ्यायला हा जिल्हा चांगला आहे, कारण तो जलविभाजकावर वसला आहे. वाशीम तालुक्यात काटा गावाच्या परिसरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला उतरते, पूर्णेला मिळते आणि तापीतून तिचे पाणी अरबी समुद्रात जाते. जिल्ह्याच्या दक्षिण कडेने वाहणारी पैनगंगा मात्र वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. अडाण आणि अरुणावती या नद्याही पैनगंगेकडेच जातात. शेजारशेजारच्या दोन शिवारांत पडलेला पाऊस असा दोन वेगवेगळ्या समुद्रांत पोचतो.

पावसाळ्यात काठ सोडणारी नदी चैत्र-वैशाखात डोहांपुरती उरते, हेही इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. राष्ट्रीय जलमार्ग कायदा २०१६ नुसार देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग आहेत आणि त्यांत पैनगंगा-वर्धा नदीप्रणालीचेही नाव आहे. पण यादीत नाव येणे वेगळे आणि वर्षभर बोट तरंगेल इतके पाणी असणे वेगळे. बोटीला लागते ती बारमाही खोली. जगात ज्या नद्यांवर क्रूझ चालते, तिथे ही खोली बहुधा बर्फाच्या पाण्याने, धरणांनी किंवा जलपाशांनी (लॉक, म्हणजे बोटींना वर-खाली नेणारे दारांचे हौद) टिकवलेली असते. नदी निवडताना पहिला प्रश्न हाच असतो, की हिचे पाणी कुठून येते आणि कोणत्या महिन्यात आटते.

ऱ्हाईन: चार देश, एक आठवडा

पहिल्या सफरीसाठी सर्वांत सुटसुटीत मार्ग ऱ्हाईनचा आहे. आल्प्समध्ये उगम पावून उत्तर समुद्राला मिळणारी ही नदी सुमारे १,२३० किलोमीटर लांब आहे. नेहमीची सफर स्वित्झर्लंडमधले बासेल आणि नेदरलँड्समधले ॲमस्टरडॅम यांच्यामध्ये सात रात्रींची असते. वाटेत फ्रान्समधले स्ट्रासबर्ग लागते आणि जर्मनीतली रूडेसहाईम, कोब्लेंझ, कोलोन ही गावे-शहरे लागतात. बिंगेन-रूडेसहाईमपासून कोब्लेंझपर्यंतच्या ६५ किलोमीटरच्या दरीला २००२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. या टप्प्यात उतारांवर द्राक्षमळे, माथ्यावर किल्ले आणि एका वळणावर लोरेलाय हा १३२ मीटर उंचीचा कडा दिसतो. हा भाग दिवसा उजेडी पार होणार आहे ना, एवढे कार्यक्रमपत्रिकेत जरूर तपासावे. तो रात्री गेला तर सफरीचा गाभाच हुकतो.

या नदीवर चार देशांतून विनाअडथळा जाता येते, त्यामागे दोनशे वर्षांचा करार आहे. पूर्वी काठावरचा प्रत्येक सरदार आपल्या हद्दीत जकात घेत असे. नेपोलियनच्या युद्धांनंतर १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत ऱ्हाईनवरील नौकानयन खुले ठेवण्याचे ठरले आणि त्यासाठी एक संयुक्त आयोग स्थापन झाला. १८६८ च्या मानहाइम कराराने हे नियम पक्के केले. हा आयोग आजही स्ट्रासबर्गमधून काम करतो.

बासेलपासून इफेट्सहाईमपर्यंत ऱ्हाईनवर दहा जलपाश आहेत. त्यांच्या पुढे समुद्रापर्यंत मुख्य नदी मोकळी वाहते, म्हणजे तिथे पाणी अडवून खोली टिकवणारे कोणी नाही. मधल्या टप्प्यातल्या काऊब गावाजवळची मापपट्टी म्हणूनच सगळ्या बोटवाल्यांच्या नजरेत असते. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथला आकडा ३० सेंटिमीटरच्या खाली गेला होता. हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. पट्टीवर शून्य असले तरी बोटीच्या वाटेत मीटरभराहून अधिक पाणी असते. पण एवढ्या कमी पाण्यात दीड मीटर बुडणारी बोट चालवणे जोखमीचे होते आणि प्रवाशांना काही टप्पा बसने न्यावा लागतो.

डॅन्यूब: राजधान्यांची नदी

डॅन्यूब जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधून निघते आणि सुमारे २,८५० किलोमीटर वाहून काळ्या समुद्राला मिळते. ती दहा देशांतून किंवा त्यांच्या सीमेवरून जाते: जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, क्रोएशिया, सर्बिया, रोमानिया, बल्गेरिया, मोल्दोव्हा आणि युक्रेन. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही नदीला इतके देश लागत नाहीत.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तिचा वरचा टप्पा, म्हणजे पासाऊ ते बुडापेस्ट, उत्तम. जर्मनीतले पासाऊ हे डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांच्या संगमावरचे गाव आहे. पुढे ऑस्ट्रियात मेल्क ते क्रेम्स ही वाखाऊची दरी येते. हिलाही २००० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि मेल्कचा भव्य मठ हिच्या तोंडाशीच आहे. मग व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्ट या तीन देशांच्या तीन राजधान्या एकाच नदीच्या काठावर भेटतात. व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा यांच्यात तर जेमतेम ६० किलोमीटरचे अंतर आहे, वाशीम ते अकोला यापेक्षाही कमी. बुडापेस्टला बोट रात्री पोचावी असा बहुतेक कार्यक्रम आखलेला असतो, कारण दिव्यांनी उजळलेले संसद भवन आणि पूल नदीतूनच सर्वांत सुंदर दिसतात.

काठावर किलोमीटरचे फलक असतात. डॅन्यूबची मोजणी मुखाकडून उगमाकडे होते. बुडापेस्ट साधारण १,६४७ व्या किलोमीटरवर आहे आणि व्हिएन्ना १,९२९ व्या. आकडे वाढत असतील तर बोट प्रवाहाविरुद्ध चालली आहे, हे प्रवाशाला डेकवर बसूनच कळते.

बुडापेस्टच्या पुढचा खालचा टप्पा बेलग्रेडवरून आणि सर्बिया-रोमानिया सीमेवरच्या आयर्न गेट्स या अरुंद खिंडीतून जातो. निसर्ग आणि इतिहास या दोन्ही अंगांनी तो फार समृद्ध आहे. मात्र अंतरे मोठी, गावे विरळ आणि व्हिसाचे नियम अधिक गुंतागुंतीचे आहेत. तो दुसऱ्या सफरीसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

बोट डोंगर चढते ती जागा

ऱ्हाईन उत्तर समुद्राला आणि डॅन्यूब काळ्या समुद्राला मिळते. दोहोंच्या मध्ये युरोपचा जलविभाजक आहे, जसा वाशीमच्या माळावर तापी आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांमध्ये आहे. हा उंचवटा ओलांडून बोट नेता आली तर एका समुद्रातून दुसऱ्यात जाता येईल, हे शार्लमेन राजाला इ. स. ७९३ मध्येच सुचले होते आणि त्याने खोदाईही सुरू केली होती. १८४६ मध्ये बव्हेरियाच्या लुडविग राजाच्या काळातला शंभर जलपाशांचा कालवा पूर्ण झाला, पण तो अरुंद होता. आजचा ऱ्हाईन-माईन-डॅन्यूब कालवा २५ सप्टेंबर १९९२ रोजी खुला झाला. बामबर्ग ते केलहाईम असा तो १७१ किलोमीटर लांब आहे. त्यावर १६ जलपाश आहेत आणि त्याचा माथा समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर आहे. त्याच्यामुळे उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटरचा अखंड जलमार्ग तयार झाला.

जलपाश, म्हणजे लॉक, ही बोटींसाठी बांधलेली पाण्याची पायरी आहे. बोट एका लांबट काँक्रीटच्या हौदात शिरते. मागचे दार बंद होते. मग वरच्या पातळीचे पाणी तळातल्या वाटांनी हौदात सोडतात. पाणी आपल्या वजनानेच खाली येते आणि बोट वर उचलली जाते. पातळी सारखी झाली की पुढचे दार उघडते. हिल्पोल्टश्टाईन येथे बोट एका दमात सुमारे २५ मीटर, म्हणजे आठ मजली इमारतीइतकी, वर चढते. हौदाची रुंदी १२ मीटर आणि बोटीची सुमारे ११.४ मीटर, म्हणून दोन्ही बाजूंना जेमतेम फूटभर जागा उरते. खोलीच्या खिडकीतून हात लांबवला तर ओली भिंत लागेल, इतकी ती जवळ असते. थोडा वेळ खोलीत अंधारते, भिंत संथपणे खाली सरकत जाते आणि अचानक शेते, झाडे, घराची कौले डोळ्यांसमोर येतात.

या कालव्याच्या माथ्यावर नदी नाही, तिथे पाणी चढवून न्यावे लागते. म्हणून बहुतेक जलपाशांच्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांचे साठवण हौद बांधले आहेत. बोट खाली उतरताना सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे ६० टक्के पाणी या हौदांत राखतात आणि पुढच्या बोटीसाठी पुन्हा वापरतात. शेततळ्यातल्या पाण्यावर रब्बी काढणाऱ्या शेतकऱ्याला या काटकसरीची किंमत सहज उमगेल.

ॲमस्टरडॅम ते बुडापेस्ट ही १४ रात्रींची सफर या कालव्यातून जाते. नेदरलँड्स, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी असे पाच देश आणि साठांहून अधिक जलपाश तिच्यात येतात. मात्र माईन नदीवरचे पूल ठेंगणे असल्याने वरचा डेक काही दिवस बंद राहतो, छत्र्या आणि कठडे आडवे करतात आणि कप्तानाची केबिनही खाली घेतात. दोन आठवडे एकाच लहान बोटीत राहणे सर्वांना जमतेच असे नाही. आधी सात रात्रींची सफर करून मग हिच्याकडे वळावे.

आशियातले पर्याय

युरोपचा खर्च आणि व्हिसा जड वाटत असेल तर मेकाँग हा चांगला पर्याय आहे. ही नदी चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम या सहा देशांना स्पर्श करते. क्रूझचा नेहमीचा मार्ग शेवटच्या दोन देशांत आहे: कंबोडियातल्या सिएम रीप आणि नॉम पेन्हपासून व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह शहराच्या बाजूपर्यंत. अंगकोर वाटची मंदिरे याच प्रवासाला जोडून पाहता येतात. वाटेतल्या टोनले साप नदीचे वैशिष्ट्य असे, की पावसाळ्यात मेकाँग फुगली की ही उपनदी उलटी वाहू लागते आणि टोनले साप तलाव सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरवरून पंधरा हजार चौरस किलोमीटरपर्यंत पसरतो. उन्हाळ्यात तलाव उथळ होतो आणि सिएम रीपहून बोटीपर्यंतचे अंतर बसने कापावे लागते. दोन्ही देशांचा ई-व्हिसा मिळतो, पण नदीतून ज्या नाक्यावर प्रवेश होणार तो नाका ई-व्हिसाच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे लागते.

घराजवळचे उदाहरण गंगा विलास या बोटीचे. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून निघालेली ही बोट बांगलादेशातून आसामात शिरली आणि २८ फेब्रुवारीला दिब्रुगढला पोचली. ५१ दिवसांचा कार्यक्रम, सुमारे ३,२०० किलोमीटर अंतर, २७ नद्या आणि दोन देश असा तो प्रवास होता. १८ खोल्यांच्या त्या बोटीतले पहिले प्रवासी स्वित्झर्लंडचे ३२ पर्यटक होते. भारत आणि बांगलादेश यांच्यात १९७२ पासून जलवाहतुकीचा करार आहे, त्यामुळे असा मार्ग शक्य झाला. पहिल्या सफरीसाठी एवढे दिवस फार होतात, पण गंगा किंवा ब्रह्मपुत्रेवरचा चार-सात दिवसांचा देशांतर्गत टप्पा ही उत्तम रंगीत तालीम ठरते. बोटीतल्या खोलीत झोप लागते का, संथ दिवस आवडतात का, हे परदेशाचा खर्च करण्याआधीच कळते.

महिना कोणता

युरोपातल्या नद्यांवर मुख्य हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर असतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळपर्यंत काठावरच्या बाजारांसाठी खास सफरी निघतात, पण तेव्हा दिवस फार लहान आणि थंडी कडक असते.

पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर ऱ्हाईनला उन्हाळ्याच्या सुरुवातीला आल्प्सच्या वितळत्या बर्फाचा आधार असतो. बासेलजवळ तिचे पाणी साधारण जूनमध्ये सर्वाधिक असते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात ते घटते. म्हणून मुलांच्या उन्हाळी सुट्टीत, मेच्या मध्यापासून जूनपर्यंत, जाणाऱ्या कुटुंबाला ऱ्हाईन सोयीची. सोयाबीनच्या पेरणीआधी परतायचे असेल तर मे हाच महिना योग्य. नेदरलँड्समधली ट्यूलिपची शेते पाहायची असतील तर मात्र एप्रिल गाठावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीतली सफर स्वस्त मिळू शकते, पण तेव्हा पाणी कमी असण्याचा धोका जास्त.

पाणी जास्त झाले तरी बोट थांबते, कारण ती पुलाखालून जाऊ शकत नाही. जून २०१३ मध्ये पासाऊ पुरात बुडाले होते आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मध्य युरोपातल्या अतिवृष्टीमुळे डॅन्यूबवरच्या अनेक बोटी अडकल्या. डॅन्यूबवर जर्मनीत श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या सुमारे ७० किलोमीटरच्या टप्प्यात बंधारे नाहीत आणि उन्हाळ्याच्या शेवटी तिथे अडचण येते. सफर पासाऊहून सुरू होणारी निवडली तर हा टप्पा टळतो.

कोणतीही कंपनी पाण्याची हमी देऊ शकत नाही. तिला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: बोट अडकली तर पुढे काय? मोठ्या कंपन्यांच्या दोन सारख्या बोटी एकाच मार्गावर विरुद्ध दिशांनी चालत असतील, तर त्या प्रवाशांची अदलाबदल करतात. अडलेला टप्पा बसने पार होतो आणि पलीकडे तशीच खोली मिळते. एकच बोट असलेल्या कंपनीला हे जमत नाही, तिथे हॉटेल आणि बस हाच मार्ग उरतो.

बोट आणि खोली

जलपाशांच्या मापामुळे युरोपातल्या बहुतेक बोटी रुंदीला सारख्याच असतात. लांबी ११० किंवा १३५ मीटर आणि प्रवासी साधारण १९० पर्यंत. फरक असतो तो खोल्यांची संख्या, जेवण आणि सेवा यांत. तेवढ्याच लांबीच्या बोटीत प्रवासी कमी असतील तर खोल्या ऐसपैस असतात.

सर्वांत खालच्या मजल्यावरच्या खोल्या स्वस्त असतात. त्यांची खिडकी पाण्याच्या थोडी वर, छताजवळ असते आणि उघडत नाही. मधल्या आणि वरच्या मजल्यावर जमिनीपासून छतापर्यंत सरकणारे काचेचे दार असते. त्याला लोक बाल्कनी म्हणतात, पण बऱ्याचदा बाहेर खुर्ची ठेवायला जागा नसते, नुसता कठडा असतो. बोटीच्या मागच्या टोकाला इंजिनाचा आवाज जास्त येतो. गर्दीच्या धक्क्यावर दोन-तीन बोटी एकमेकींना खेटून बांधतात. अशा वेळी महागड्या खोलीच्या दारातूनही शेजारच्या बोटीची खिडकीच दिसते. दिवसाचा बराच वेळ काठावर आणि डेकवर जाणार असल्याने पहिल्या सफरीत मधल्या मजल्यावरची खोली पुरेशी असते.

गुडघेदुखी असलेल्यांनी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. लिफ्ट खालच्या मजल्यापर्यंत आणि वरच्या डेकपर्यंत जाते का? चालण्याच्या फेऱ्यांत सावकाश चालणाऱ्यांसाठी वेगळा गट असतो का? धक्क्यावरून गावात जायला वाहन मिळते का? जुन्या युरोपीय गावांतले रस्ते दगडी गोट्यांचे असतात आणि धक्क्याच्या पायऱ्या पावसाने निसरड्या होतात. समुद्रासारख्या लाटा नसल्याने बोट लागण्याचा त्रास मात्र सहसा होत नाही.

व्हिसाचे गणित

ऱ्हाईन आणि वरच्या डॅन्यूबवरचे सगळे देश शेंगेन क्षेत्रात आहेत. या क्षेत्रात २९ देश असून स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. तो कोणत्या देशाकडे मागायचा, इथे मात्र लोक चुकतात. नियम असा, की ज्या देशात सर्वांत जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस समान असतील तर ज्या देशात पहिला प्रवेश, त्याच्याकडे.

उदाहरणार्थ, बासेलहून निघालेल्या बोटीची एक रात्र स्वित्झर्लंडमध्ये, एक फ्रान्समध्ये, चार जर्मनीत आणि एक नेदरलँड्समध्ये गेली, तर अर्ज जर्मनीकडे. पण कुटुंबाने शेवटी ॲमस्टरडॅममध्ये हॉटेलच्या चार रात्री जोडल्या की नेदरलँड्सच्या पाच होतात आणि अर्ज तिकडे करावा लागतो. म्हणून बोटीचा दिवसवार कार्यक्रम आणि हॉटेलांचे आरक्षण दोन्ही समोर ठेवून आधी दिवस मोजावेत, मग अर्ज भरावा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या तारखा लवकर संपतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. प्रौढांसाठी व्हिसा शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. खालच्या डॅन्यूबवर सर्बिया लागतो आणि तो शेंगेनमध्ये नाही. तिथे जाऊन पुन्हा शेंगेनमध्ये यायचे तर अनेक प्रवेशांचा व्हिसा लागतो.

वाशीम जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. व्हिसासाठी बोटांचे ठसे प्रत्यक्ष द्यावे लागतात आणि त्यासाठी बहुतेकांना मुंबई गाठावी लागते. जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्याने ही खेप आता बरीच सोपी झाली आहे. तरी तिचे दोन दिवस आणि खर्च हिशेबात धरावाच.

जेवण आणि तब्येत

नदीवरच्या बोटीत बहुधा एकच भोजनगृह असते आणि स्वयंपाकघर लहान असते. शाकाहारी पदार्थ मिळतात, पण सात दिवस वरण-भात मिळेल ही अपेक्षा धरू नये. कारंजा आणि शिरपूर परिसरातल्या जैन कुटुंबांना कांदा, लसूण, बटाटा नसलेले जेवण हवे असते. त्यांनी नुसते ‘जैन जेवण’ असे न लिहिता कोणते पदार्थ चालत नाहीत याची यादी आरक्षणाच्या वेळीच द्यावी आणि लेखी होकार घ्यावा. भारतीय सहल कंपनी पूर्ण बोट किंवा मोठा गट घेऊन जात असेल तर भारतीय स्वयंपाकी सोबत असतो का, हे विचारावे. खाकरा, चटणी, मेतकूट असा कोरडा शिधा बहुतेक घरांतून जातोच. घरचे तूप-दही किंवा दुधाचे पदार्थ मात्र युरोपीय संघात नेता येत नाहीत.

युरोपातल्या नदीबोटींवर सहसा डॉक्टर नसतो. काठ जवळ असल्याने रुग्णाला जवळच्या शहरातल्या रुग्णालयात नेतात आणि तो खर्च मोठा असतो. मधुमेह, रक्तदाब यांसारखे जुने आजार विम्यात घोषित करावेत आणि ते विम्यात धरले आहेत याची खात्री करावी. औषधे हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत.

दर वाचण्याची रीत

जाहिरातीतला दर बहुधा एका खोलीत दोघे राहतील असे धरून माणशी दिलेला असतो. एकट्या प्रवाशाला त्यावर मोठा अधिभार पडतो. तुलना करताना प्रत्येक कंपनीच्या दरात पुढील गोष्टी आहेत की नाहीत, ते एका कागदावर रकाने आखून मांडावे: विमानभाडे, विमानतळ ते बोट वाहतूक, बंदरशुल्क, रोजच्या मार्गदर्शित फेऱ्या, जेवणासोबतची पेये, इंटरनेट, कर्मचाऱ्यांची बक्षिसी, व्हिसा आणि विमा. बक्षिसी माणशी रोज काही युरो धरतात, चौघांच्या आठवड्याला ती रक्कम लहान राहत नाही. परदेशी सहलीच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला करही, आकारला जातो. तो पुढे आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण सुरुवातीला खिशातून जातो.

करारपत्रातले दोन परिच्छेद सही करण्याआधी सावकाश वाचावेत. पहिला, पाण्याच्या पातळीमुळे मार्ग बदलला तर परतावा मिळतो का. बऱ्याच करारांत तो मिळत नाही. दुसरा, व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम कापली जाते आणि कोणत्या तारखेपर्यंत. प्रवासाचा दिवस जवळ येतो तशी ही कपात वाढत जाते.

भारतीय गटासोबत जावे की परदेशी कंपनीच्या बोटीत स्वतंत्रपणे, हा निर्णय भाषेवर आणि सवयीवर ठरतो. गटात सहल व्यवस्थापक मराठी किंवा हिंदी बोलतो, जेवण आणि कागदपत्रे तो पाहतो. स्वतंत्र जाणाऱ्यांना बोटीवर इंग्रजीत सूचना मिळतात, आणि काठावर मोकळेपणाने हिंडता येते. पहिल्यांदाच देशाबाहेर पडणाऱ्या ज्येष्ठांसाठी गट बरा. आधी परदेशी जाऊन आलेल्यांना दुसरा पर्याय अधिक समाधान देतो.

निर्णयाचा क्रम

पहिली सफर सात रात्रींची असावी आणि देश दोन ते चार असावेत. उन्हाळी सुट्टी असेल तर ऱ्हाईन, राजधान्या पाहायच्या असतील तर पासाऊ ते बुडापेस्ट, खर्च आवरायचा असेल तर मेकाँग. नदी ठरली की तिच्या पाण्याचा महिना ठरतो आणि महिन्यावरून सुट्टी. मग त्या नदीचा सर्वांत देखणा टप्पा दिवसा पार करणारा कार्यक्रम शोधावा. त्यानंतर बोट अडकली तर कंपनी काय करते हे विचारावे, मुक्कामाचे दिवस मोजून व्हिसाचा देश ठरवावा, आणि खोलीचा मजला सर्वांत शेवटी. तयारीला सहा ते आठ महिने हाताशी असले तर यातले काहीच घाईचे होत नाही.

निघण्याच्या आठवड्यात एक काम उरते. आभाळ पाहून पेरणीचा दिवस धरतात, तशी आपल्या नदीची पाण्याची पातळी रोज पाहावी. काऊबसारख्या ठिकाणांचे आकडे दररोज प्रसिद्ध होतात. पाणी कमी होत असेल तर कंपनीला आधीच विचारता येते, आणि बसचा टप्पा आलाच तर तो अनपेक्षित राहत नाही.